बाळासाहेब खेर : दोन कायदे आणि एक पायरी

पंढरीस जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्यास महाद्वार ठाऊक आहे. तेथे नामदेवरायांची पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यास भिंतीचे काम चालले असता ती कोसळून चोखोबांनी देह ठेविला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी येथे आणून महाद्वारी स्थापिल्या, असे परंपरा सांगते. आज आपण चोखोबांपुढे माथा टेकतो, पायरीला पाय न लावता ती ओलांडतो आणि आत जातो. पण चोखोबांच्या मागून आलेल्या त्यांच्या जातीच्या माणसाला ती पायरी ओलांडता येत नसे. तो समाधीपाशी उभा राही, कळसाला हात जोडी आणि परत फिरे. हे सहा शतके चालले, आणि थांबले ते १९४७ साली. कसे थांबले म्हणून विचारले तर आपल्याकडे साने गुरुजींचे नाव येते, आणि ते यावेच. पण त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात या गोष्टीचा कायदा झाला. त्या वेळी मुख्य प्रधानाच्या खुर्चीवर बसलेला गृहस्थ मात्र वारकऱ्यांच्या स्मरणात फारसा नाही. त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे आहे.

बाळ गंगाधर खेर. नाव ऐकून लोकमान्य आठवतील. नाव तेच, वडिलांचे नाव तेच आणि जन्मगावही तेच, रत्नागिरी. जन्म २४ ऑगस्ट १८८८. शिक्षण पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात. १९०८ साली पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि संस्कृतचे भाऊ दाजी पारितोषिक त्यांना मिळाले. आम्हां संस्कृत शिकलेल्यांस याचे अगत्य वाटणारच. पण सांगण्याचे कारण निराळे आहे. ज्या शास्त्राच्या आधारावर देवळाचे दार बंद ठेवले असे लोक सांगत, ते शास्त्र या माणसाने मुळातून वाचलेले होते. त्याला पोथी दाखवून गप्प करता येण्यासारखे नव्हते.

पुढे कायद्याचा अभ्यास झाला. मुंबई हायकोर्टात बीमन नावाचे इंग्रज न्यायमूर्ती होते, त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांना कागदपत्र वाचून दाखविण्याचे काम खेरांनी काही वर्षे केले. कोर्टाचा सगळा व्यवहार दुसऱ्याच्या कानात आपल्या तोंडाने घालावयाचा, यापरते शिक्षण कोणते? १९१८ च्या सुमारास ते सॉलिसिटर झाले. धंदा चांगला चालला. तो तसाच चालू ठेविला असता तर सुखाने म्हातारे झाले असते.

राजकारणात ते आले तेव्हा चाळिशीकडे झुकले होते. १९२३ साली स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. १९३० च्या सत्याग्रहात आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९३२ साली दोन वर्षांची. एवढे होऊनही लोकांत त्यांचे नाव फारसे गाजलेले नव्हते. सभा गाजवणारा हा पुरुष नव्हे. आवाज बेताचा, बोलणे मोजके.

१९३५ च्या कायद्याने इलाख्यांना कारभाराचे थोडे अधिकार मिळाले आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या काँग्रेसने जिंकल्या. पुणे कराराप्रमाणे १५ जागा अस्पृश्य मानलेल्या वर्गासाठी राखून ठेविलेल्या होत्या. मात्र मतदानाचा हक्क सर्वांस नव्हता बरं का. सारा भरणारा, कर भरणारा, शिकलेला, अशांनाच मत. म्हणजे महाद्वारी अडविलेल्या माणसांपैकी बहुतेकांना मतपेटीपाशीही तेच उत्तर होते.

आता पक्षाचा नेता कोण व्हावा? मुंबई शहरात काँग्रेसचे मोठे नाव होते वीर नरिमन यांचे. मुंबईतला नरिमन पॉइंट तो त्यांच्याच नावाचा. सगळ्यांना वाटत होते की तेच मुख्य प्रधान होणार. पण मार्च १९३७ मध्ये आमदारांनी खेरांना नेता निवडले. नरिमन यांनी वल्लभभाई पटेलांवर आरोप केला, वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले, आणि शेवटी महात्मा गांधी आणि बहादुरजी यांनी चौकशी करून नरिमन यांच्या विरुद्ध निर्णय दिला. निर्णय झाला तरी सल गेला नाही. हा माणूस दुसऱ्याच्या हाताने खुर्चीवर बसला, असे पुष्कळ लोक पुढेही म्हणत राहिले. खेरांनी त्यावर वाद घातला नाही. निवडून आल्यावर ते कामाला लागले. काँग्रेसने आरंभी मंत्रिपदे घेतली नाहीत, म्हणून कूपर यांचे अल्पमताचे प्रधानमंडळ साडेतीन महिने चालले. मग १९ जुलै १९३७ रोजी खेर मुख्य प्रधान झाले. मोरारजी देसाई, कन्हैयालाल मुनशी, डॉक्टर गिल्डर, अण्णासाहेब लठ्ठे अशी मंडळी त्यांच्या मंडळात होती, आणि अध्यक्षाच्या आसनावर दादासाहेब मावळंकर. मावळंकरांचे नाव ध्यानात ठेवावे, पुढे त्यांचे काम आहे.

त्या सव्वादोन वर्षांत कामे बरीच झाली. सत्याग्रहात ज्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या होत्या त्यांना त्या परत मिळाल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आली. माळ घातलेल्या आपल्या मंडळींना हे ऐकून संतोष वाटेल. पुढे मुंबईत चोरटी दारू किती वाढली तेही सर्वांनी पाहिले. कामगारांच्या संपावर बंधन घालणारा कायदा झाला, त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मोठा संप झाला आणि त्या दिवशी गोळीबारही झाला. देवभोळ्या, मवाळ खेरांच्या कारकिर्दीत हे घडले, आणि चरित्र सांगताना ते लपवू नये.

पण माझे लक्ष दोन गोष्टींकडे आहे.

पहिली खोतीची. कोकणात खोत सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसलेला. कुळाने राबावे, खोताने न्यावे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर तेव्हा याच विधानसभेत विरोधी बाकांवर होते. त्यांनी १९३७ च्या सप्टेंबरात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि घाटावरचे हजारो शेतकरी मुंबईस विधानसभेवर चालून आले आणि बाबासाहेबांसह त्यांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले. खेर स्वतः रत्नागिरीचे. खोत म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. त्यांनी ऐकून घेतले, सौजन्याने वागले. खोती मात्र मोडली नाही.

दुसरी गोष्ट देवळाची. १९३८ साली याच सरकारने हरिजनांच्या देवदर्शनाच्या अडचणी दूर करण्याचा कायदा केला. (हरिजन हा शब्द कायद्याच्या नावातच आहे म्हणून येथे घेतो, आता सरकारी कागदांत तो वापरीत नाहीत.) त्या कायद्याचा आशय असा की, देवळाच्या विश्वस्तांनी बहुमताने दार उघडावयाचे ठरविले तर त्यांना जुनी रूढी किंवा जुना हुकूमनामा दाखवून कोणी अडवू नये. नीट पाहा. ज्याला उघडावयाचे आहे त्याचा हात कायद्याने मोकळा केला. ज्याला उघडावयाचे नाही त्याला काहीही विचारले नाही. चांगल्यांना संरक्षण, इतरांना विनंती. काही देवळे उघडली. पंढरीचे महाद्वार जेथे होते तेथेच राहिले.

खेरांच्या स्वभावाला तो कायदा शोभणारा होता. माणसाच्या अंतःकरणात पालट झाला म्हणजे दार आपोआप उघडेल, अशी गांधींच्या मंडळींची श्रद्धा होती. ही श्रद्धा वाईट नव्हे. आपण कीर्तनात तेच सांगतो. पण त्या श्रद्धेची मुदत कोणाच्या खर्चाने वाढत राहते? जो बाहेर उभा आहे त्याच्या. बाबासाहेबांनी तर १९३५ सालीच येवल्यास धर्म सोडण्याची घोषणा केली होती, आणि त्याआधी पाच वर्षे नाशिकच्या काळारामापुढे सत्याग्रह करून पाहिला होता. वाट पाहण्याचा कंटाळा त्यांना उगीच आला नव्हता.

असो. महायुद्ध सुरू झाले, लोकांस न विचारता हिंदुस्थानास युद्धात ओढले म्हणून काँग्रेसच्या मंत्र्यांनी १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामे दिले. खेर खुर्चीवरून उठले. १९४० साली ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी त्यांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. मग १९४२ चा ऑगस्ट, आणि १९४४ पर्यंत तुरुंग.

१९४६ साली पुन्हा निवडणुका झाल्या. या वेळी काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले, आणि नेता कोण हा प्रश्नच उठला नाही. ३० मार्च १९४६ रोजी खेर दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाले. शिक्षण खाते त्यांनी आपल्याकडे ठेविले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा १९४७ चा कायदा, पुणे विद्यापीठ, ही त्यांच्या वेळची कामे. गृहखाते मोरारजींकडे होते, आणि राज्य खरे कोणाचे यावर त्या काळी लोक हसून बोलत.

इकडे साने गुरुजी उठले होते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले झाले नाही तर प्राण देईन, असा त्यांचा निश्चय. आधी महिनेन् महिने ते महाराष्ट्रभर हिंडले, सेनापती बापट बरोबर होते, गावोगाव सभा झाल्या. आणि १ मे १९४७ रोजी पंढरीत उपोषण आरंभिले. कोठे? तनपुरे महाराजांच्या मठात. हे आपल्या संप्रदायाने विसरू नये. बडव्यांचा विरोध होता, शास्त्री-पंडितांचा होता, फडांवरही दोन तट होते. पण एका वारकरी मठाने गुरुजींना जागा दिली. त्याच पंढरीत गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यापूर्वीच बांधलेली होती, कारण त्या यात्रेकरूंना पाठ टेकावयास दुसरी जागा नव्हती.

त्या वेळी पुष्कळ सज्जन म्हणत होते की सरकार आपलेच आहे, कायदा येतोच आहे, मग उपोषण कशाला? खुद्द गांधींनीही उपोषण सोडण्याविषयी तार केली. दहा-अकरा दिवस गेले, गुरुजी खंगत चालले. तेव्हा मावळंकर पंढरीस गेले. तेच, पूर्वी विधानसभेचे अध्यक्ष होते ते. आता दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष. त्यांनी बडव्यांची समजूत घातली, मंदिर खुले करण्यास संमती मिळविली आणि उपोषण सुटले.

आणि त्याच १९४७ साली मुंबई सरकारचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा झाला. आता त्यात विश्वस्तांना विचारणे नव्हते. जे देऊळ सर्वसाधारण हिंदूंना उघडे आहे ते हरिजनांनाही उघडे. इतर हिंदू जेथवर जातात तेथवर ते जातील, इतर जशी पूजा करतात तशी करतील. आणि जो आडवा येईल तो शिक्षेस पात्र. नऊ वर्षांपूर्वीचा कायदा विनवीत होता, हा सांगत होता. दोन्ही वेळी मुख्य प्रधान तोच.

खोतीचेही तसेच झाले. १९३८ साली जे शिष्टमंडळ रित्या हाताने परतले, त्याचे मागणे १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने पुरे झाले. तेव्हाही सरकार खेरांचेच. यावरून कोणी म्हणेल की खेर बदलले. मला तसे वाटत नाही. माणूस तोच मवाळ होता. १९३८ साली त्यांच्या सरकारच्या डोक्यावर इंग्रज गव्हर्नर होता आणि पाठीशी काठावरचे बळ. १९४७ साली बहुमत होते आणि स्वराज्य दाराशी आलेले. पण एवढ्याने उलगडा होत नाही. मधल्या काळात बाहेर उभ्या असलेल्यांनी स्वस्थ बसण्याचे नाकारले होते, आणि आत असलेल्यांपैकी एकजण त्यांच्यासाठी अन्न सोडून बसला होता. खेरांचा मोठेपणा मी यात मानतो की वेळ आली तेव्हा त्यांनी जुन्या कायद्याची बाजू धरून ठेविली नाही. आपणच केलेले अपुरे आहे असे कबूल करून नवे करणे राज्यकर्त्याला फार जड जाते.

१९४८-४९ मध्ये सांगली, मिरज, कोल्हापूर, बडोदे ही संस्थाने मुंबई राज्यात आली आणि राज्य एवढे मोठे झाले की कारभाराचा सगळा घाट बदलला. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यताच रद्द केली. १९५२ साली पहिल्यांदा प्रत्येक प्रौढ माणसाने मत दिले, सारा भरणारानेही आणि न भरणारानेही. त्या निवडणुकीत मोरारजी स्वतः अवघ्या १९ मतांनी पडले, तरी पक्षाने त्यांनाच नेता केले; आणि २१ एप्रिल १९५२ रोजी खेरांनी त्यांच्या हाती कारभार दिला. पंधरा वर्षांपूर्वी स्वतः खेरांच्या निवडीवर केवढे काहूर माजले होते! या वेळी जाणारा माणूस काही न बोलता गेला.

पुढे दोन वर्षे ते लंडनला हिंदुस्थानचे हाय कमिशनर होते. १९५४ साली पद्मविभूषण मिळाले. १९५५ साली राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि पुढल्या वर्षी आयोगाचा अहवाल सादर झाला. त्याच १९५६ साली मुंबईच्या विधिमंडळाने मंदिर प्रवेशाचा आणखी एक कायदा केला. त्याच्या नावात हरिजन हा शब्द नाही. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानी सर्व जाती-वर्गांच्या हिंदूंना मोकळीक, एवढेच त्यात आहे. ८ मार्च १९५७ रोजी बाळासाहेब खेर पुण्यास वारले.