पॉल एर्लिख यांचा नेमका बाण
जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पॉल एर्लिख (१८५४–१९१५) यांना विद्यार्थिदशेपासून रंगांचे वेड होते. विशिष्ट रंग विशिष्ट पेशींनाच धरतो, हे पाहून केवळ रोगालाच जाऊन लागणाऱ्या औषधाची कल्पना त्यांच्या मनात रुजली. रक्तातील प्रतिपिंडे त्यांना तशीच भासत. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह मात्र प्रतिकाराचे श्रेय पेशींना देत. १९०८ चे नोबेल या दोघा प्रतिपक्षांना विभागून मिळाले. पुढच्याच वर्षी एर्लिख यांनी, शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाला एरवी दाबून ठेवत असावी, असे मांडले. ते सिद्ध करणे त्यांना साधले नाही; लोकांनी त्यांना ओळखले ते उपदंशावरील सालव्हरसानमुळे. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ब्लिनाट्युमोमॅब हे प्रतिपिंडांपासून घडवलेले औषध एका टोकाने रक्ताच्या कर्करोगाची पेशी धरते आणि दुसऱ्या टोकाने तिला मारणारी टी-पेशी.