डब्याला ताकद कुणी द्यायची, चाकाने की इंजिनाने? जॉर्ज वेस्टिंगहाऊसची गोष्ट

सायकलला डायनॅमो लावून रात्री घरी आलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. डायनॅमो टायरला टेकवला की दिवा लागतो आणि त्याच क्षणी पायाला जोर जास्त लागतो. सायकल थांबली की दिवा बंद.

रेल्वेच्या जुन्या धाटणीच्या डब्यांखाली हाच डायनॅमो मोठ्या रूपात असतो. चाकांच्या सांगाड्याला एक अल्टरनेटर लटकवलेला असतो. ॲक्सलवर पुली असते आणि तिच्यावरून रबरी पट्टे अल्टरनेटरला फिरवतात. गाडी धावली की डब्यातले दिवे, पंखे आणि एसी यांची सोय होते. मला वाचक बऱ्याचदा विचारतात, की चाक तर फिरतंच आहे, मग ही वीज फुकटच ना? उत्तर द्यायचं तर सरळ गणित मांडता येईल. पण मला ते एका माणसाच्या आयुष्यातून सांगायला जास्त आवडतं, कारण डब्यातल्या यंत्रणेला ताकद चाकाने द्यायची की इंजिनाने, हा प्रश्न त्याच्यापुढे दीडशे वर्षांपूर्वीच आला होता. त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस. आणि आपल्या नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, इगतपुरीच्या घाटात, त्याच्या कामाच्या खुणा आजही सापडतात.

कारखान्यात वाढलेला मुलगा

वेस्टिंगहाऊसचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या खेड्यातला. वडिलांचा शेतीची अवजारं बनवण्याचा कारखाना होता. पुढे तो स्केनेक्टडीला हलला आणि पोरगा तिथल्या लेथ आणि भट्ट्यांमध्येच वाढला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तो आधी सैन्यात आणि मग नौदलात इंजिनांच्या कामावर होता. परत आल्यावर कॉलेजात गेला, पण काही महिन्यांतच कंटाळून बाहेर पडला. १८६५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला पहिलं पेटंट मिळालं. ते एका फिरत्या वाफेच्या इंजिनाचं होतं.

रेल्वेकडे तो वळला तो रुळावरून घसरलेले डबे पुन्हा रुळावर चढवण्याचं साधन बनवून. हे साधन विकत फिरत असताना १८६६ मध्ये एका अपघातामुळे त्याचा प्रवास खोळंबला. दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. दिवसाची वेळ, सरळ रूळ, दोन्ही ड्रायव्हरांना समोरची गाडी दिसत होती. तरीही गाड्या थांबवता आल्या नाहीत.

का, तर तेव्हा ब्रेक माणसं लावायची. ड्रायव्हरने शिट्टी दिली की ब्रेकवाले डब्यांच्या टपावरून धावत जाऊन प्रत्येक डब्याचं हातचाक फिरवत. पाऊस असो, बर्फ असो, डबे हलत असोत. कित्येक जण खाली पडून मेले. शेवटच्या डब्याचा ब्रेक लागेपर्यंत गाडी कितीतरी पुढे गेलेली असे.

चाकाकडून ताकद घेण्याचा पहिला प्रयत्न

ब्रेकला लागणारी ताकद आणायची कुठून? सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे फिरत्या चाकाकडून. शिकागोच्या बाजूला ॲम्बलर नावाच्या माणसाने तसा ब्रेक बनवलाही होता. गाडीखालून एक लांब साखळी जायची. इंजिनाच्या चाकाच्या कडेवर एक खाचेचं चाक दाबलं की ते फिरायचं आणि साखळी रहाटासारखी गुंडाळली जायची. साखळी ताणली की डब्यांचे ब्रेक आवळले जायचे. वेस्टिंगहाऊसने हा ब्रेक पाहिला. त्याच्याही डोक्यात आधी साखळीच होती.

पण जरा विचार करा. साखळी दोन-चार डब्यांपर्यंत ठीक. दहा डब्यांची साखळी ताणताना तिची ढिलाई आणि डब्यांमधले धक्के यांतच सगळा जोर जातो. शिवाय ताकद हवी तेव्हा चाकाचा वेग कमी होत आलेला असतो. तुटली साखळी, की मागचे सगळे डबे मोकाट.

मग त्याने वाफ डब्यांपर्यंत न्यायचा विचार केला. पण लांब नळीत वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. घोडं इथे अडलं होतं. त्याच सुमारास मासिकाची वर्गणी गोळा करणारी एक तरुणी कारखान्यात आली आणि त्याने वर्गणी भरली. त्या मासिकात आल्प्स पर्वतातल्या माँ सनी बोगद्याबद्दल लेख होता. तिथे खडक फोडणारी यंत्रं दाबलेल्या हवेवर चालत आणि ती हवा नळीतून हजारो फूट आत नेली जाई. हवा थंड झाली तरी तिचं पाणी होत नाही! त्याला हवं ते सापडलं. पेटंट एप्रिल १८६९ मध्ये मिळालं. बावीस वर्षांच्या या पोराने त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये एअर ब्रेक कंपनी काढली.

खरी अक्कल दुसऱ्या ब्रेकमध्ये

पहिला ब्रेक साधा होता. इंजिनावर वाफेचा पंप हवा दाबायचा, ड्रायव्हरने कॉक उघडला की ती नळीतून डब्यांखालच्या सिलिंडरांत जायची आणि ब्रेक लागायचे. यात एक मोठी खोट होती. नळी फुटली किंवा गाडी मधूनच तुटली, तर हवाच नाही आणि ब्रेकही नाही. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो गायब.

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सगळा प्रकार उलटा केला. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी बसवली आणि सोबत एक व्हॉल्व्ह, ज्याला ट्रिपल व्हॉल्व्ह म्हणतात. एरवी नळीत दाब भरलेला असतो. त्या दाबाने टाकी भरलेली राहते आणि ब्रेक सुटलेला राहतो. नळीतला दाब कमी झाला, मग तो ड्रायव्हरने केला असो की नळी फुटल्याने झाला असो, व्हॉल्व्ह सरकतो आणि डब्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. गाडी तुटली तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

माझ्या मते याच्या सगळ्या कामाचं सार इथे आहे. ताकद तयार करायची एका ठिकाणी, इंजिनावर. साठवायची मात्र प्रत्येक डब्यात. म्हणजे डबा एकटा पडला तरी त्याच्याकडे स्वतःची शिदोरी असते.

पुढे लांब मालगाड्यांची अडचण आली. १८८६-८७ मध्ये बर्लिंग्टनला पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढचे ब्रेक आधी आणि मागचे उशिरा लागल्याने मागचे डबे पुढच्यांवर आदळायचे. वेस्टिंगहाऊसने काही महिन्यांत जलद व्हॉल्व्ह बनवला आणि हा दोष काढला. १८९३ मध्ये अमेरिकेने रेल्वे गाड्यांना असे ब्रेक लावणं कायद्याने बंधनकारक केलं.

दिव्यांच्या बाबतीत चाक जिंकलं

आता डब्यातल्या दिव्यांकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात डब्यांत तेलाचे नाहीतर गॅसचे दिवे असत, आणि अपघात झाला की त्यांनी आग लागे. विजेचा दिवा सुरक्षित होता, पण वाफेच्या इंजिनावरून प्रत्येक डब्याला वीज पोचवणं तेव्हा सोयीचं नव्हतं. मग पुन्हा चाकच उपयोगी पडलं. इंग्लंडमध्ये डेटफर्डच्या जे. स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात ॲक्सलवरून पट्ट्याने चालणारा डायनॅमो आणला. भारतातही ही पद्धत आली आणि टिकली.

त्यात तीन अडचणी होत्या. गाडीचा वेग वाढला की वीज वाढणार. स्टोनने डायनॅमो असा लटकवला की वेग फार झाला की पट्टा घसरायचा आणि डायनॅमो जास्त जोरात फिरायचा नाही. दुसरी अडचण, गाडी उलटी धावली की विजेची दिशा उलटी होणार. त्यासाठी आपोआप बदलणारा स्विच होता. तिसरी अडचण म्हणजे गाडी थांबली की अंधार. त्यावर उपाय म्हणून बॅटरी आली. वेस्टिंगहाऊसच्या ब्रेकमध्ये टाकी जे काम करते, तेच इथे बॅटरी करते.

आपल्याकडे साध्या डब्याखाली ४.५ किलोवॅटचा अल्टरनेटर असतो आणि अशा एसी डब्याखाली २५ किलोवॅटचे दोन. बॅटरी ११० व्होल्टची. एसी डब्याची बॅटरी ११०० अँपिअर-तासांची, म्हणजे पूर्ण भरली तर साधारण १२० युनिट.

मग ही वीज फुकट का नाही? समजा १८ एसी डब्यांनी प्रत्येकी ४० किलोवॅट घेतले. झाले ७२० किलोवॅट, म्हणजे साधारण हजार अश्वशक्ती. आणि अल्टरनेटर, पट्टे यांच्यातली घट वेगळीच. एवढा जोर इंजिनालाच लावावा लागतो, कारण प्रत्येक अल्टरनेटर चाकाला मागे खेचतो. सायकलचा डायनॅमो पायाला जड जातो ना, तसंच. इंजिन सहा हजार अश्वशक्तीचं असलं, तरी हजार हा काही चिल्लर आकडा नाही.

घाटात पोचलेलं नाव

वेस्टिंगहाऊस ब्रेकवर थांबला नाही. १८८१ मध्ये त्याने सिग्नलची कंपनी काढली आणि १८८६ मध्ये विजेची. तिथे एडिसनशी त्याचा सामना झाला. एडिसन डीसी विजेच्या बाजूचा, वेस्टिंगहाऊस एसीच्या. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवून ती लांब नेता येते, हा त्याचा मुद्दा. १८८८ मध्ये त्याने निकोला टेस्लाची पेटंटं घेतली. एसी वीज म्हणजे मरण, असा प्रचार झाला. पण १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन त्याच्या दिव्यांनी उजळलं आणि १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली.

१८९९ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये ब्रिटिश वेस्टिंगहाऊस कंपनी काढली. १९१९ मध्ये तिचं नाव मेट्रोपॉलिटन-विकर्स झालं. आता इगतपुरीकडे या. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १९३० च्या सुमारास इथे १५०० व्होल्ट डीसीवर विजेची इंजिनं आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मगरीसारखी लांब तोंडाची ती इंजिनं, ज्यांची विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-विकर्सची होती. घाट उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या चालत. उतरणारी गाडी चाकांतून मोटरी फिरवायची, वीज वरच्या तारेत परत जायची आणि गाडीचा वेगही आवरला जायचा. चाकाकडून घेतलेली ही वीज मात्र जवळजवळ फुकट म्हणायला हरकत नाही, कारण ती घेतली नसती तर ब्रेकच्या गुटक्यांत नुसती उष्णता झाली असती.

वेस्टिंगहाऊसने हे काही पाहिलं नाही. १९०७ च्या आर्थिक संकटात त्याच्या विजेच्या कंपनीचा ताबा त्याच्या हातून गेला. नावावर साडेतीनशेहून जास्त पेटंटं, १८७१ मध्येच कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी देणारा मालक, पण सावकारांपुढे त्याचं चाललं नाही. एअर ब्रेकची कंपनी मात्र भक्कम राहिली. १२ मार्च १९१४ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. यादवी युद्धातला सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलं.

आज काय चालतं?

भारतीय रेल्वेवर बराच काळ निर्वाताचे, म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक होते. तेही नळी फुटल्यावर आपोआप लागतात, पण निर्वाताचा जोर हवेच्या एका वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊ शकत नाही. एअर ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब असतो. आता आपल्या गाड्या याच ब्रेकवर घाट उतरतात.

दिव्यांचं आणि एसीचं कामही आता चाकाकडून इंजिनाकडे चाललंय. नव्या एलएचबी डब्यांना आधी गाडीच्या टोकांच्या जनरेटर डब्यांतून वीज मिळे, त्यासाठी डिझेल जळे. आता विजेचं इंजिन वरच्या तारेतली २५,००० व्होल्टची एसी वीज घेऊन ७५० व्होल्टने सगळ्या डब्यांना पुरवतं. याला हेड ऑन जनरेशन म्हणतात. डिझेल वाचतं, गोंगाट जातो. इगतपुरी अनेक दशकं डीसी आणि एसी विजेच्या सीमेवरचं स्टेशन होतं. आता तिच्या दोन्ही बाजूंना एसीच आहे. नाशिकरोडला रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था आहे, १९८८ पासूनची. असल्या यंत्रणा सांभाळणारे अधिकारी तिथेच शिकतात.

पण बॅटरी काही गेलेली नाही. विजेच्या तारेत ठरावीक अंतरावर असे तुकडे असतात जिथे वीजच नसते. इंजिन तिथून जाताना एसी काही सेकंद थांबतो. तरीही डब्यात अंधार होत नाही, कारण आपत्कालीन दिवे बॅटरीवर चालू राहतात. नवा डबा इंजिनाच्या विजेवर चालतो, आणि तरी थोडी शिदोरी स्वतःजवळ बाळगतो. ब्रेकची टाकीही तशीच, प्रत्येक डब्याखाली.