विश्लेषण : रोजे संपल्यावर माणसात काय उरते? बगदादची सर्वांत मोठी नोकरी सोडणारे इमाम गझाली कोण होते?

रमजान ईदचा शीरखुर्मा संपतो, पाहुणे परततात आणि मोबाइलमधला सहेरीचा अलार्म बंद केला जातो. महिनाभर तरावीहच्या नमाजसाठी भरून वाहणाऱ्या मशिदींत पुन्हा नेहमीच्याच रांगा दिसू लागतात. तीस दिवस आवरून धरलेली जीभ सिग्नलवर कुणी मध्ये गाडी घातली की पुन्हा सैल सुटते. मग महिनाभराच्या उपवासाने नेमके काय बदलले? ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात आणखी सहा ऐच्छिक रोजे ठेवण्याची परंपरा आहे. पण हा प्रश्न रोज्यांच्या संख्येने सुटणारा नाही.

या चर्चेत जवळपास नऊशे वर्षांपूर्वीचे एक नाव हमखास येते, ते म्हणजे इमाम अबू हामिद गझाली. नियत, इखलास (म्हणजे मनाचा खरेपणा) आणि अखलाक (म्हणजे स्वभाव, चारित्र्य) यांविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही मुस्लिम जगात वाचला जातो. त्याआधी मात्र त्यांना स्वतःच्याच नियतीचा संशय आला होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली होती.

पोटासाठी मदरशात

गझालींचा जन्म १०५८ च्या सुमारास तूस येथे झाला. हा भाग आजच्या ईशान्य इराणमध्ये, मशहद शहराजवळ आहे. वडील लोकरीचे काम करत, असे सांगितले जाते. ते लवकर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी अबू हामिद आणि धाकटा अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले होते. ठेवलेले पैसे संपले तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तिथे शिकणाऱ्यांच्या जेवणाची सोय होती. म्हणजे इस्लामच्या इतिहासातल्या या मोठ्या विद्वानाच्या शिक्षणाची सुरुवात भाकरीसाठी झाली. पुढे गझालींनी स्वतःच हे मान्य केल्याचे चरित्रकार सांगतात.

पुढचा प्रवास वेगवान होता. निशापूरमध्ये त्यांनी जुवैनी या नामवंत गुरूंकडे धर्मशास्त्र आणि तर्कशास्त्र शिकले. १०८५ मध्ये गुरू वारल्यावर ते सेल्जुक साम्राज्याचे शक्तिमान वजीर निजाम-उल-मुल्क यांच्या दरबारी गेले. तिथल्या वादसभा जिंकत त्यांनी नाव कमावले. १०९१ मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक नेमले. वय अवघे ३३. त्यांच्याच सांगण्यानुसार तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. खलिफाही त्यांच्याकडून ग्रंथ लिहून घेत असे.

जीभ का थांबली?

१०९५ च्या उन्हाळ्यात एक दिवस ते शिकवायला उभे राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना. त्यानंतर अन्न जाईना, पाणीही पचेना. वैद्य आले आणि दुखणे शरीराचे नसून मनाचे आहे, असे सांगून गेले. हा सगळा प्रकार गझालींनी पुढे आत्मचरित्रात तपशिलाने लिहिला आहे. त्यांनी सांगितलेले कारण साधे, पण बोचरे आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, हे त्यांनी तपासून पाहिले, तेव्हा देवासाठी नव्हे, तर नाव आणि मानासाठी, असे उत्तर मिळाले. जवळपास सहा महिने ते जाऊ की नको, या घालमेलीत होते. सकाळी निघायचे ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत तो निश्चय विरघळून जायचा.

अखेर त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी बगदाद सोडले. लोकांना त्यांनी हजला जातो असे सांगितले, पण मनात सीरियाला जायचे होते. खरेपणाच्या शोधाची सुरुवात अशी एका लपवाछपवीने झाली आणि त्यांनी तीही लिहून ठेवली. मुलाबाळांच्या गुजराणीपुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. मदरशातली जागा काही काळ भाऊ अहमद यांनी सांभाळली.

इतिहासकारांपैकी काहींना हे कारण पुरेसे वाटत नाही. १०९२ मध्ये निजाम-उल-मुल्क यांचा खून झाला होता, त्याच वर्षी सुलतान मलिकशाहही वारला आणि गादीसाठी लढाया सुरू झाल्या. गझालींनी इस्माइली पंथाविरुद्ध ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे त्यांच्या जिवाला धोका असावा, असा तर्क मांडला जातो. राजकारणाचा भाग असेलही. पण फक्त जीव वाचवायचा असता तर तूसला घरी जाणे सोपे होते. त्यांनी दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मिनारात स्वतःला कोंडून घेतले, पुढे जेरुसलेमला गेले. हेब्रॉन येथे हजरत इब्राहिम यांच्या कबरीपाशी त्यांनी तीन शपथा घेतल्या. सुलतानाचा पैसा घ्यायचा नाही, दरबारी जायचे नाही आणि जाहीर वादविवाद करायचा नाही. ज्या तीन गोष्टींनी त्यांना मोठे केले होते, नेमक्या त्याच. १०९६ मध्ये हजही झाली.

रोज्याबद्दल गझाली काय सांगतात?

या एकांताच्या वर्षांत ‘इह्या उलूम अद्-दीन’ हा चाळीस भागांचा ग्रंथ आकाराला आला. ‘किमिया-ए-सआदत’ हे त्याचे फारसीतले आटोपशीर रूपही त्यांनीच लिहिले.

‘इह्या’मधल्या उपवासाच्या भागात रोज्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, पोट आणि शरीर आवरणे. दुसरी, डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांनाही रोजा ठेवायला लावणे. तिसरी, मनाने देवाखेरीज दुसऱ्या कशाकडेही न वळणे. तिसरी फार थोड्यांची, पण दुसरी प्रत्येकाने गाठावी, असा त्यांचा रोख आहे. इफ्तारला दिवसभराची कसर भरून काढणाऱ्यांवर ते चांगलेच उखडतात. एरवी कधी खाल्ले जात नाही इतके रमजानमध्ये खाल्ले, तर भुकेने वासना लगामात आणण्याचा उद्देशच बुडाला, हे त्यांचे म्हणणे. आपल्याकडच्या इफ्तारच्या फोटोंचे स्टेटस पाहिले की हा भाग कालच लिहिल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या पायरीच्या सहा अटींमधली शेवटची अट रोजा सुटल्यानंतरची आहे. इफ्तार झाल्यावर मन आशा आणि भीती यांच्यामध्ये लटकलेले असावे. रोजा कबूल झाला की नाही, याची खात्री कुणालाच नाही. त्यामुळे झाले एकदाचे म्हणून हात झटकायला जागा उरत नाही.

रोजा ही दिसत नसलेली इबादत. नमाज, दान, हज चारचौघांत दिसते. रोजा आहे की नाही, हे फक्त रोजेदाराला आणि देवालाच ठाऊक. तरी माणूस त्यातही दिखावा घुसवतो, हे गझालींनी टिपले आहे. ऐच्छिक उपवासाच्या दिवशी रोजा नसतानाही काही जण तहान मारतात, कारण पाणी प्यायल्यास लोकांना कळेल. दुसरे कुणी जेवणाला बोलावले की रोजा आहे असे सरळ सांगत नाही, अडचण आहे म्हणते, म्हणजे रोजाही कळतो आणि तो लपवल्याचे श्रेयही मिळते. एका नमाजीची गोष्टही त्यांनी दिली आहे. तीस वर्षे तो पहिल्या रांगेत उभा राहायचा. एके दिवशी उशीर झाला, दुसऱ्या रांगेत उभे राहावे लागले आणि त्याला लोकांची लाज वाटली. तेव्हा कळले की इतकी वर्षे आनंद नमाजचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेचा होता. त्याने तीस वर्षांच्या नमाज पुन्हा अदा केल्या.

मग स्वभाव बदलतो कसा?

इथे गझाली अगदी व्यवहारी होतात. त्यांच्या मते चांगले चारित्र्य म्हणजे एखादे चांगले काम नव्हे, तर विचार न करता, जोर न लावता चांगले काम घडावे अशी मनाची पक्की घडण. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर डिफॉल्ट सेटिंग. ती बदलता येते आणि त्याचा मार्ग म्हणजे सराव. सुंदर अक्षर काढू पाहणारा माणूस आधी दुसऱ्याचे अक्षर गिरवतो, हात अवघडतो, पण कालांतराने तेच वळण त्याचे होते. कंजूस माणसानेही आधी मन मारून द्यावे, देता देता ते अंगवळणी पडते. हिशेबाने पाहिल्यास महिनाभराचा रोजा हे गिरवणे आहे. वही मिटून ठेवली तर वळण येणार कुठून?

त्यासाठी ते व्यापाऱ्याचे उदाहरण देतात. भागीदाराच्या हाती भांडवल देताना अटी ठरतात, दिवसभर लक्ष ठेवले जाते, शेवटी हिशेब होतो. माणसाने स्वतःच्या मनाशी असाच रोज व्यवहार करावा. सकाळी करार, रात्री जमाखर्च आणि तूट आली तर मनाला दंड. यासाठी रमजान लागत नाही.

शपथा टिकल्या का?

पूर्णपणे नाही. ११०६ मध्ये निजाम-उल-मुल्क यांचा मुलगा फख्र-उल-मुल्क याच्या आग्रहावरून गझाली निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. टीका झालीच. आत्मचरित्रात त्यांनी या निर्णयावर बरीच पाने खर्च केली आहेत. पूर्वी मान मिळवून देणारे ज्ञान शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारे शिकवतो आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय. त्यात यश आले की नाही, हे मात्र त्यांनी देवावर सोडले. दरबारी पंडितांवरची त्यांची टीका दूरवर झोंबली होती. ११०९ मध्ये स्पेनमधील कोर्दोबा येथे मुराबितून राजवटीच्या हुकमाने ‘इह्या’च्या प्रती जाळण्यात आल्या.

काही काळाने ते निशापूर सोडून तूसला परतले. घराजवळच विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारली. बगदादच्या निजामियातली जुनी जागा रिकामी झाली तेव्हा पुन्हा बोलावणे आले. या वेळी त्यांनी शपथांचे कारण देऊन नकार कळवला. डिसेंबर ११११ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी तूस येथेच त्यांचे निधन झाले. मागे फक्त मुली होत्या. घर चालेल इतके वडिलोपार्जित उत्पन्न होते. लोक पैसे देऊ करत, ते त्यांनी घेतले नाहीत.