संत दामियान : महारोग्यांचे बंधु

बेल्जमांतील त्रेमेलो गांवीं ३ जानेवारी १८४० रोजीं संत दामियान यांचा जन्म झाला. १८६४ सालीं हवाई बेटांत येऊन त्यांनीं तेथेंच गुरुदीक्षा घेतली. त्या काळीं महारोग्यांस आप्तांपासून तोडून मोलोकाई बेटावर ठेवीत. १८७३ सालीं चार धर्मगुरू आळीपाळीनें तेथें जाण्यास पुढें आले. पहिली पाळी दामियानांची. ते मात्र तेथेंच राहिले. त्यांनीं रोग्यांच्या जखमा बांधिल्या, घरें उभारिलीं, शवपेट्याही स्वतः घडविल्या. पुढें तोच रोग त्यांस जडला, तरी सेवा सोडिली नाहीं. १५ एप्रिल १८८९ रोजीं ते देवाघरीं गेले. २००९ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, या महोत्सवीं आम्हांस वाटतें, प्रत्येकानें स्वतःस विचारावें : आपली पाळी आली असतां आपण जाऊं काय?