मॅक्स डेन

मॅक्स डेन (१३ नोव्हेंबर १८७८, हॅम्बुर्ग – २७ जून १९५२, ब्लॅक माउंटन, नॉर्थ कॅरोलायना) हे जर्मन गणितज्ञ होते. भूमिती, संस्थितिविज्ञान व गटसिद्धान्त या शाखांत त्यांनी मूलभूत कार्य केले. गाठी आणि त्रिमितीय अवकाश यांच्या अभ्यासातील 'डेन शल्यक्रिया' ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण

डेन यांचा जन्म ज्यू वंशाच्या कुटुंबात झाला. ग्योटिंगेन विद्यापीठात डाव्हिड हिल्बर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९०० मध्ये डॉक्टरेट मिळवली. समान घनफळाच्या दोन बहुफलकांपैकी एकाचे तुकडे जोडून दुसरा नेहमीच तयार करता येत नाही, हे त्यांनी लवकरच सिद्ध केले. हिल्बर्ट यांच्या प्रसिद्ध यादीतील हा तिसरा प्रश्न सर्वप्रथम सुटला.

गाठींवरील कार्य

गणितातील गाठ म्हणजे दोन्ही टोके जुळवलेला, स्वतःला न छेदणारा दोरा. या दोऱ्याभोवतीचे भरीव कडे अवकाशातून काढून निराळ्या रीतीने पुन्हा चिकटवल्यास नवा त्रिमितीय अवकाश मिळतो. ही शल्यक्रिया डेन यांनी १९१० मध्ये मांडली. गाठ ताणली वा वाकवली तरी तिच्याशी निगडित गट बदलत नाही. या गटाच्या आधारे, तीन छेदांची सर्वांत साधी गाठ व तिची आरशातील प्रतिमा एकमेकींत रूपांतरित होऊ शकत नाहीत, हे त्यांनी १९१४ मध्ये सिद्ध केले.

१९१० च्याच लेखातील एका प्रमेयिकेच्या सिद्धतेत उणीव असल्याचे १९२९ मध्ये हेल्मूट क्नेझर यांनी दाखवले. तिची पूर्ण सिद्धता डेन यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, पापाकिरियाकोपूलोस यांनी दिली.

निर्वासन

डेन १९२१ पासून फ्रँकफुर्ट विद्यापीठात प्राध्यापक होते. रूथ मूफांग व विल्हेल्म माग्नुस हे त्यांचे तेथील विद्यार्थी. नाझी राजवटीत १९३५ मध्ये त्यांचे पद गेले. नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचारात त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे त्यांना आश्रय मिळाला, परंतु १९४० मध्ये जर्मन सैन्याने नॉर्वे व्यापला. तेव्हा सायबेरिया व जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले.

अमेरिकेत त्यांच्या योग्यतेचे पद त्यांना लाभले नाही. काही ठिकाणी अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९४५ मध्ये ते ब्लॅक माउंटन कॉलेज या कलाप्रधान लहान संस्थेत रुजू झाले. तेथील ते एकमेव गणितज्ञ होते. गणिताबरोबर ते तत्त्वज्ञान व ग्रीकही शिकवत. तेथेच त्यांचे निधन झाले व संस्थेच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

प्रभाव

अँड्रू वॉलेस व रेमंड लिकरिश यांनी १९६० च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवले की, दिशा ठरवता येणारा प्रत्येक बंदिस्त, सलग त्रिमितीय अवकाश गोलावकाशातील गुंफलेल्या गाठींवर शल्यक्रिया करून मिळवता येतो. असे अवकाश गाठींच्या आकृतीशेजारी पूर्णांक लिहून दर्शवता येतात. दोन आकृत्या एकच अवकाश केव्हा दर्शवतात, याचे नियम रॉबियन कर्बी यांनी १९७८ मध्ये दिले.