दोन्ही करार सोप्या मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई

कोलकात्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविलेल्या रमाबाईंनीच उत्तरायुष्यात मराठीतून अवघड संस्कृत शब्द वगळण्याचा ध्यास घेतला, हे विलक्षणच. स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्ष नाकारणारी शास्त्रवचने अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला जाचत होती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावरून मोठे वादळ उठले.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाने मोशेद्वारे सिनाय पर्वतावर इस्राएलाशी करार केला, तो नियमशास्त्राचा. यिर्मया संदेष्ट्याने भाकीत केलेला नवा करार येशूच्या रक्ताने स्थापित झाला, तो कृपेचा. नियमांच्या चौकटीबाहेर ठेवल्या गेलेल्या स्त्रियांना हा दुसरा करार किती जवळचा वाटला असेल! मात्र पहिल्यावाचून दुसरा उमगत नाही, म्हणून रमाबाईंनी दोन्ही भाषांतरास घेतले.

केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचलेल्या, अल्पशिक्षित स्त्रिया होत्या. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना अवघड जाई. रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. सदनाचा स्वतःचा छापखाना होता आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे तेथील स्त्रियाच करीत.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.