स्त्रीसौंदर्याची रीत घालून देणारा पुरुष : बालगंधर्व

सौंदर्याची कल्पना काळाप्रमाणे पालटते, हे आपण सारेच पाहतो. आज नेसण्या-लेवण्याची नवी तऱ्हा पडद्यावरून आणि मोबाईलवरून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लहानशा खेड्यापर्यंत येऊन पोचते. शंभर वर्षांपूर्वी ती रंगभूमीवरून येत असे. नवल असे की, त्या काळी महाराष्ट्रातील सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया पदर कसा घ्यावा, फुले कशी माळावीत, दागिना कोणता शोभतो हे जिच्याकडे पाहून ठरवीत, ती व्यक्ती स्त्री नव्हती. ते होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच नटसम्राट बालगंधर्व.

त्यांचा जन्म 26 जून 1888 चा. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. घरची स्थिती बेताची. पण गळा मात्र दैवी. लहानपणी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव जन्मभर राहिले. पुढे कानाचा विकार जडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांच्या उपचारांची व्यवस्था केली. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शाकुंतल नाटकातील शकुंतलेच्या भूमिकेत रसिकांसमोर उभे राहिले.

त्या काळी कुलीन घरातील स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे समाजाला मान्य नव्हते. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर हे असेच गाजलेले स्त्रीभूमिका करणारे नट. 1901 साली त्यांचे निधन झाले आणि मंडळीत मोठी पोकळी निर्माण झाली. ती बालगंधर्वांनी भरून काढली. इतकेच नव्हे, तर स्त्रीभूमिकेचे रूपच बदलून टाकले. चालणे, बसणे, लाजणे, मान वेळावणे, पदर सावरणे या साऱ्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

बालगंधर्वांच्या या वाटचालीत आपल्या जिल्ह्याचाही धागा आहे. खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्या काळचे नामवंत नाटककार. मूकनायक, मतिविकार यांसारखी त्यांची नाटके किर्लोस्कर मंडळी करीत असे आणि त्यांतून तरुण बालगंधर्व रंगमंचावर वावरले. कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी पुढे बालगंधर्वांना त्यांची सर्वांत वेगळी भूमिका दिली. तिच्याकडे पुढे वळू.

1911 साली कृ. प्र. खाडिलकरांचे मानापमान रंगभूमीवर आले. पहिला प्रयोग 12 मार्चला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला. तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. काळजात दुःख दाबून त्यांनी त्या दिवशी श्रीमंत, मानी आणि अलंकारांनी नटलेली भामिनी उभी केली. रसिकांना दिसले ते भामिनीचे सौंदर्य; त्याखाली उभा असलेला बाप कुणाला दिसला नाही. नटलेल्या चेहऱ्याकडे पाहून माणसाच्या अंतरीचे काही कळत नाही, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. येथून त्यांचे वैभवाचे दिवस सुरू झाले. 1916 साली स्वयंवरातील रुक्मिणीने महाराष्ट्राला वेड लावले. रंगभूमीवर खोटे काही चालायचे नाही, असा त्यांचा बाणा. उंची शालू, जरीचे शेले, भारी अत्तरे, मौल्यवान गालिचे यांवर पाण्यासारखा पैसा खर्च होई. पुण्या-मुंबईच्या स्त्रिया त्यांचे नाटक पाहून आल्या की तशीच नऊवारी नेसू पाहत, तसाच पदर घेत, तसाच गजरा माळीत. साबण-पावडरीच्या जाहिरातींतही त्यांचे छायाचित्र झळकू लागले. आज नटनट्यांना पाहून जे घडते, ते त्या काळीही घडत होते.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. स्त्रीने कसे दिसावे हे एका पुरुषाने दाखवावे, आणि ज्या स्त्रियांना स्वतः रंगमंचावर चढण्यास बंदी, त्यांनी ते प्रेक्षागृहात बसून शिकावे, हा केवढा विरोधाभास! शिवाय ही रीत परवडणाऱ्यांची होती. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझी आजीही नऊवारीच नेसते, पण कासोटा घट्ट खोचून. कारण तिला दिवसभर वाकून कपाशी वेचायची असते. तिच्या लुगड्याला कुणी कधी फॅशन म्हटले नाही. वस्त्र तेच, परंतु सुंदर कशाला म्हणायचे हे ठरविणारे दुसरेच कुणी होते.

बालगंधर्वांना मात्र सौंदर्य शालूत नाही हे उमगले होते, असे त्यांची एकच प्याला मधील सिंधू पाहून वाटते. गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या हयातीत रंगभूमीवर आले नाही. 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्यास पहिला प्रयोग झाला. दारूपायी घर उद्ध्वस्त झालेल्या सुधाकराची ही पत्नी. तिच्या अंगावर ना दागिना, ना रेशीम. ठिगळांचे लुगडे नेसून ती जाते ओढून पोट भरते. ज्या नटाला पाहण्यासाठी लोक भरजरी वस्त्रांच्या ओढीने येत, तोच नट फाटक्या लुगड्यात उभा राहिला आणि प्रेक्षागृह हुंदके देऊ लागले. माझ्या मते बालगंधर्वांच्या कलेची खरी परीक्षा येथे झाली, आणि त्या परीक्षेला ते उतरले.

1921 साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी संयुक्त मानापमानाचा प्रयोग केला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. परंतु वैभवामागून कर्जही वाढत गेले. बोलपट आले, आणि हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः रंगभूमीवर उभ्या राहू लागल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी, हे नवे युग होते. बालगंधर्वांचे वय वाढले, शरीर स्थूल झाले. 1935 साली प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. त्यानंतर मीराबाईवरील चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे ते रूप कॅमेऱ्याने जवळून पाहिले आणि लोकांनी ते स्वीकारले नाही. ज्यांनी सौंदर्याचे माप घालून दिले, त्यांनाच काळाने नव्या मापाने मोजले.

1938 च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि पूर्वी बालगंधर्वांनी गाजविलेल्या स्त्रीभूमिका करू लागल्या. पुढे दोघांचा विवाह झाला. त्यावरून लोकांनी पुष्कळ टीका केली. अखेरचा काळ आजारपणात आणि हलाखीत गेला. 1964 साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला, पण तोवर पायांतले बळ गेले होते. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे पुण्यातील रंगमंदिर 1968 साली रसिकांसाठी खुले झाले. 2011 साली त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटामुळे आमच्या पिढीलाही ते नाव परिचित झाले.

मैत्रिणींनो, गोरा रंग, सडपातळ बांधा, अमुकच केशरचना यांच्या चौकटीत स्वतःला बसविताना आपली फार ओढाताण होते. वर्गात कुणाच्या रंगावरून, कुणाच्या जुन्या ड्रेसवरून हसणेही चालते. ही चौकट निसर्गाने दिलेली असती, तर एका पुरुषाला अभ्यासाने आणि कष्टाने ती उभी करता आली नसती, आणि तीस वर्षांत ती मोडलीही नसती. माणसांनी घडविलेली रीत माणसांना बदलता येते. शालू गेले, अत्तराचा सुगंध विरला, गंधर्वांची नेसण्याची तऱ्हाही मागे पडली. राहिला तो त्यांचा सूर आणि ठिगळांच्या लुगड्यातली सिंधू. आरशासमोर उभे राहताना आपण तिची आठवण ठेवावी, एवढेच मला सुचवावेसे वाटते.